वाकमाप

४ फेब्रुवारी
आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत वरून पत्र आलंय — ‘वाकमाप’ या शब्दाचा अर्थ, व्युत्पत्ती आणि जनक आठ दिवसांत कळवा. संपादक सरांनी ते माझ्याच टेबलावर ठेवलं. "व्युत्पत्तीत तुमचा हात कोण धरणार?"

शब्द माझाच आहे. एका मासिकात टोपणनावाने छापलेल्या माझ्या गोष्टीतला. तिथे कचेरीच्या दारात एक शिंपी टेप घेऊन उभा असतो. साहेबापुढे कोण किती वाकलं ते मोजतो, त्यावर बढती. वाकणं आणि माप, झाला शब्द. गंमत म्हणून लिहिलं होतं.

५ फेब्रुवारी
पत्र का आलं ते कळलं. मंत्र्यांच्या भाषणात मागून कोणी तरी विचारलं, "साहेब, तुमचं वाकमाप किती?" अख्खी सभा हसली. मासिकाच्या संपादकाला उचललंय. त्याला माझं खरं नाव माहीत नाही — गोष्ट पोस्टाने पाठवली होती.

६ फेब्रुवारी
ह्यांना सांगितलं. ते ताटावरून उठले, गोष्टीचा खर्डा बादलीत भिजवून लगदा केला. "शब्द जुना आहे म्हणून लिही. लोकांच्या तोंडचा. लोकांना कोण पकडणार?"

ही वहीही जायला हवी. हात धजत नाही.

८ फेब्रुवारी
कार्ड लिहिलं. जनक — अज्ञात. वीस वर्षांत पहिली खोटी नोंद.

सरांनी दोनदा वाचलं. "अज्ञात चालायचं नाही त्यांना. कोणाचं तरी नाव लागेल." माझ्याकडे बघितलंच नाही.

९ फेब्रुवारी
बेल वाजली. गॅसवाला होता. तो गेल्यावर कडी दोनदा तपासली.

११ फेब्रुवारी
सरांनी मध्येच विचारलं, "मुलगी कितवीत तुमची?"
"चौथीत."
"लहान आहे हो." आणि परत प्रुफात डोकं घातलं.
का विचारलं असेल? धमकी होती? सरांना कळलंय, नक्की. घरी येऊन मुलीला इतकं घट्ट धरलं की ती वैतागली.

१२ फेब्रुवारी
सर आले नाहीत. शिपाई म्हणाला, सकाळी त्यांच्या घरी पोलिसांची गाडी आली होती, तीत बसून गेले. पाठवलेल्या कार्डाची नक्कल फायलीत आहे. अर्थ, व्युत्पत्ती — माझं अक्षर. ‘अज्ञात’वर काट मारलेली. पुढे सरांचं स्वतःचं नाव, त्यांच्याच अक्षरात.

मुलीला शाळेतून आणायला ह्यांना फोन केलाय. सरांना नेलंय तिकडे मी निघालेय.