राखणीचं इंजेक्शन

२ फेब्रुवारी १९८१, सोमवार
कुसुमचा दुसरा कोर्स आज सकाळी दहाला सुरू. तिच्या सासूबाई रोहण्याहून आल्यात. डॉ. बाईंना थेटच विचारलं, "आधी विष देता अन् मंग उतारा देता. मंग विषच काऊन देता?" बाई हसल्या नाहीत. खाटेवर टेकून समजावलं. पिवळं औषध कॅन्सर मारतं, पण तोंडाचं, पोटाचं, रक्ताचं चांगलंही मारत सुटतं. म्हणून दुसऱ्या दिवशी फोलिनिकचं इं., ते चांगल्याला वाचवतं. पिवळं दिल्यापासून तीस तासांच्या आत गेलंच पाहिजे.
सासूबाई: "म्हंजे राखणीचं म्हना."
वॉर्डात आता तेच नाव.

३ फेब्रु., मंगळ.
राखणीचं दिलं. आठ दिवस असंच, एक दिवस हे, एक दिवस ते.
मागच्या वर्षी याच दिवसांत कुसुमच्या बाळासाठी झबली शिवत होते. बाळ नव्हतंच, पोटात नुसता द्राक्षांसारखा घोस. काढला, तरी रक्त थांबेना. मग छातीच्या फोटोत डाग, कॅन्सरचे. एकवीस वर्षांची आहे धाकटी बहीण माझी.
म्हणते, "ताई, तू शाळेत जाय ना. पोरींची परीक्षा हाये." देवळीला ह्यांना पत्र टाकलं, रजा वाढवते म्हणून.

६ फेब्रु., शुक्र.
लिहिलंच पाहिजे.
सकाळी दहाला तिसरं पिवळं दिलं. दुपारी वॉर्डातला फ्रिज बंद पडला. सिस्टर म्हणाल्या, डबा लॅबच्या फ्रिजात ठेवून या. राखणीच्या दोन बाटल्या उरलेल्या, उद्याची अन् सोमवारची. जिन्यावर पदर पायात आला. दोन्ही फुटल्या.
डॉ. बाईंनी घड्याळ पाहिलं. वर्ध्यात कुठेच नाही. नागपूरला ट्रंक कॉल. दुकानदार म्हणतो, माल मुंबईहून यायचाय. एका मोठ्या दवाखान्यात एक बाटली आहे, उद्या देतील. ह्यांना निरोप धाडला, पहाटेच्या गाडीने नागपूर गाठा.
बाईंना म्हटलं, कुसुमला सांगू नका. "ते तुमचं तुम्ही बघा," म्हणाल्या.

७ फेब्रु., शनि.
चारपर्यंत द्यायचं होतं. तीनची गाडी आली, हे नाहीत. चार वाजले. कुसुम विचारते, "आज राखणीचं नाई का?" म्हटलं, येतंय. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या.
पावणेसहाला हे आले. तिथल्या साहेबांच्या सहीसाठी दुपारपर्यंत बसवून ठेवलं म्हणे. बाटली रुमालात, रुमाल बर्फाच्या डब्यात. बाईंनी लगेच टोचलं.
पावणेदोन तास उशीर.

८ फेब्रु., रवि.
सोमवारचं राखणीचं हाती नाही, म्हणून चौथं पिवळं दिलं नाही. कोर्स अर्धवट. बाई म्हणाल्या, आता वाट पाहायची.

११ फेब्रु., बुध.
तोंडभर फोड. ओठ चिरलेत. पाण्याचा घोट घेतला की डोळ्यांतून धार. रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी फार खाली. ताप आला तर धोका. सगळ्यांना बाहेर काढलं, मला एकटीला तोंड बांधून आत ठेवलं.
पहिल्या कोर्सात असं झालं नव्हतं. ती विचारते, "ह्या वेळेस काऊन असं झालं?"

१४ फेब्रु., शनि.
सांगितलं. सगळं. जिना, पदर, उशीर.
कुसुम मग अडखळत, "थुंकी गिळता येत नाई मले, ताई. राग कसा गिळू?"
भिंतीकडे तोंड केलं.

१६, सोम.
बोलत नाही. पेज तोंड बांधून आलेल्या सासूबाईंच्या हातून घेते. ताप नाही, एवढंच.

२० फेब्रु., शुक्र.
फोड सुकताहेत. पेशी थोड्या वर. सोमवारी पुन्हा रक्त बघून बाई ठरवणार, पुढचा कोर्स द्यायचा की थांबायचं. लघवीचा नमुना नागपूरला गेलाय. कोर्स अर्धवट राहिल्यामुळे आजाराने पुन्हा जोर धरला का, ते त्यात कळेल. बाईंना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? म्हणाल्या, "वाटण्यावर मी चालत नाही."
दुपारी कुसुम आपणहून म्हणाली, "वेणी घालून दे." फणी फिरवली तर केस हातात. मूठ पदराआड घेतली. तिनं न वळताच मनगट धरलं.
"लपवू नोको. आता माह्यापासून काईच लपवू नोको."
मूठ उघडली. तिनं केस बघितले, बघत राहिली.