इंदापूरचा आकडा, बारामतीचा आकडा

बाई, तुमच्या इंदापूरच्या दवाखान्यात मी पेशंटच्या डोळ्यांत थेंब टाकायला लागलो, तेव्हा मला वाटायचं डॉक्टरकी म्हणजे यंत्र. आता बारामतीत माझं स्वतःचं तपासणी केंद्र आहे. डॉक्टर पेशंट पाठवतात, मी बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचे फोटो काढून देतो; त्याची जाडी, त्याचा उंचवटा, सगळं रंगीत कागदावर. नवं यंत्र आलं तेव्हा त्याला हार घातला होता. तुम्ही असता तर हसून विचारलं असतं, "काय रे, याला स्वतःला दिसतं तरी का?"

गेल्या महिन्यात निरवांगीची एक मुलगी आली, बरोबर तिचे वडील. मुलगी नर्सिंगला आहे. तिचा पडदा पातळ, जरा पुढं आलेला. असा पडदा अधूनमधून मोजत राहावा लागतो. आणखी पातळ होत चालला तर नजर कायमची बिघडते, म्हणून वेळीच किरणांनी तो घट्ट करून घ्यायचा. पातळ होत नसेल तर उगाच डोळ्याला हात लावायचा नाही. मागल्या वर्षी तिनं इंदापुरात मोजून घेतलं होतं. ते केंद्र माझ्याच धंद्यातल्या एकाचं, यंत्र मात्र वेगळ्या बनावटीचं. माझ्या यंत्रावर जाडीचा आकडा चांगलाच खाली आला. मी आत कागद छापत होतो, पण माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. बाहेर बाकावर बाप म्हणत होता, "हितलं मशीन लै भारी हाय. हितलंच खरं. लगेच करून टाकू." मुलगी म्हणाली, "आन् मागल्या वर्सी तितलं भारी व्हतं, त्याचं काय आबा?" "तवा हे आलं न्हवतं," बाप म्हणाला.

मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. दवाखान्याच्या मागची ती अंधारी खोली. तुम्ही कुठल्याशा पेशंटचे कागद चाळताय, चहा मी करतोय. पाण्याला तुमचा नेहमीचा चेपका पितळी पेला. शेजारी स्टीलचा नवा, मी पहिल्या पगारातून तुमच्यासाठी आणलेला, वर तुमचं नाव कोरून. पहिला घोट घेऊन तुम्ही तोंड वाकडं करता. "दूध किती घातलंस?" "पेलाभरच, बाई." "कुठल्या पेल्यानं?" मी नव्याकडं बोट दाखवतो. "पाणी जुन्यानं आणि दूध नव्यानं! माझा पेला चेपलेला असेल, पण रोज तेवढाच चेपलेला असतो." मला राग आला होता. भेट म्हणून आणलेल्या वस्तूला कुणी असं बोलतं का? पण पेशंटचे कागद बघतानाही तुम्ही हेच करायचात. आधी यंत्र कुठलं ते वाचायचात, आकडा मग.

मी बाहेर आलो आणि म्हटलं, "आबा, एकवार इंदापूरला जाऊन या. तिथल्याच यंत्रावर मोजा, मग मागल्या वर्षाशी ताडून बघता येईल." बापानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "म्हंजी तुमचं मशीन बिघडलंय व्हय?" बाकावरचे सगळे पेशंट माझ्याकडं बघायला लागले. "न्हाय आबा, दोन्ही ठीक हायत. फकस्त एकमेकांशी जुळत न्हाईत." "भावकीवानी म्हणा की," कोपऱ्यातनं एक म्हातारा बोलला आणि सगळे हसले. तिला पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करून दोन्ही आकडे सांगितले. त्यांनाही फरक जास्तच वाटला. म्हणाले, इंदापूरचा नवा आकडा येऊ दे, तोवर थांबू.

दुसऱ्या दिवशी मुलीचाच फोन आला. "तितं मागल्या वर्साएवढंच आलं. डॉक्टर म्हणाले, आत्ता काय करायचं न्हाय, नुसतं मोजत राहायचं. फुडच्या बारीला तुमच्याकडं येऊ का?" मी म्हटलं, "न्हाय, तिथंच जात जा." हातचं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडलं, म्हणून संध्याकाळी बायकोची बोलणी खाल्ली. तुम्ही असता तर बहुतेक चहा पाजला असता, जुन्या पेल्याच्या मापाचा.

हे पाकिटात घालायचं नाही. घालून तरी पत्ता काय लिहू? म्हणून एक सांगून टाकतो. मुलीला इंदापूरला धाडलं ते मीच. पण फोन वाजेपर्यंत मनातून वाटत होतं, तिथलाही आकडा खाली यावा. पोरीचं वाईट व्हावं असं नव्हतं, बाई. माझं यंत्र खरं ठरावं, एवढंच.