ब्रेक दाबला की हॉर्न

१४ जुलै, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. आयुष्याला वळण लागतंय.
काल मी चालवतो त्या प्रवासी गाडीचा डावा आरसा तुटला. मी तोडला नाही. आरसा आणि बाजाराचा खांब जवळ आले. गाडीच्या मालकीणबाई दोन्या सातुर्निना म्हणाल्या, का रे कांबा, खांब चालत आला होता का? बोलिव्हियात आम्हा खालच्या जंगलाकडच्यांना हे डोंगरावरचे एल आल्तोवाले कांबा म्हणतात. इथल्या जुलैच्या थंडीनं डोकी गोठलेली माणसं, सोडून द्यायचं.
पण ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी, धरणीमायच्या पूजेला, बाई ठरवणार: गाडी माझ्याकडे ठेवायची की भाच्याला, रोमुलोला द्यायची. आईला फोनवर सांगून बसलोय की माझा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे.
उपाय: डॅशकॅम. रेकॉर्डिंग बघून बाईंना कळेल ड्रायव्हर कशाला म्हणतात.

१५ जुलै
कॅमेरा आणला. वायरिंग स्वतः करणार. इलेक्ट्रिशियन म्हणजे हातात स्क्रूड्रायव्हर असलेला माणूस. स्क्रूड्रायव्हर माझ्याकडेही आहे. पाचवीपर्यंत शाळा झालीय आणि व्हिडिओ पूर्ण बघितलाय. जवळजवळ पूर्ण.

१६ जुलै, सुट्टी
लावला.
व्हिडिओत फ्यूजबॉक्स डावीकडे, आपल्यात उजवीकडे. गाडी जपानहून आलेली, जन्माची उजव्या हाताची. इथे कोणीतरी स्टिअरिंग काढून डावीकडे बसवलं. मीटर मात्र तिकडेच राहिले, पुढच्या प्रवाशासमोर. म्हणून मीही व्हिडिओतलं चित्र उलटं धरून फ्यूज मोजले. रोमुलोला सात जन्मांत सुचलं नसतं.
काळी वायर लोखंडाला बांधायची असते. एक स्क्रू सापडला, त्यावर आधीच कुठलीतरी वायर होती. हिला सोबत झाली.
कॅमेरा चालू. रेडिओ बंद. योगायोग.

१८ जुलै
ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो. आधी वाटलं मागचा वाजवतोय. खिडकीतून डोकं काढून त्याला झाडला. मागे कोणी नव्हतं.
नीट विचार केला तर ही सोयच आहे. मी थांबतोय हे पुढच्यालाही कळतं.
पुढे एक आजीबाई बसल्या होत्या. म्हणाल्या, बाळा, इथे लाल दिवा पेटलाय, बॅटरीचं चित्र आहे. म्हटलं, आजी, शोभेचा आहे. वळताना सिग्नल दिला तर वायपर एकदा हलला. आजी म्हणाल्या, गाडी टाटा करते का रे?

२१ जुलै
सकाळी बॅटरी उतरलेली. थंडी. इतक्या उंचीवर माणसाला धाप लागते, बॅटरी कोण मोठी लागून गेली.

२२ जुलै
उतरलेली. थंडी.

२३ जुलै
दुपारीही उतरली. ऊन.

२५ जुलै
बाईंना त्यांच्या टपरीवर रेकॉर्डिंग दाखवलं. दुर्दैवानं कॅमेऱ्यानं नको ते भाग ठेवले. बराच वेळ समोसे-पॅटिससारखं खाणं विकणारी एकच हातगाडी आणि तिची वाफ दिसत होती. माझा आवाज: अजून एक द्या, म्हातारीला काय कळतंय. बाईंनी विचारलं, ही म्हातारी कोण? म्हटलं, माझी आत्या. त्या हॅट सारखी करत म्हणाल्या, आत्याला सांग, शुक्रवार जवळ आलाय.
धडा: कॅमेऱ्याला आवाजही असतो.

२८ जुलै
रोमुलो गाडी बघून गेला. म्हणाला, कॅमेरा काढ, सगळं नीट होईल. म्हटलं, डोकं दुखलं तर तू डोकं काढतोस काय? हात पुसत निघून गेला. हरला बिचारा.
बाई वेगळंच म्हणतात. गाडीत नवी वस्तू बसवलीस, धरणीमायला विचारलंस का? दोन थेंब बिअर तरी शिंपडलीस? मी हसलो. आमच्याकडे नदीला विचारतात, आणि नदी उत्तर देते.

३१ जुलै
आज ब्रेक न दाबताही हॉर्न वाजला. पोलिसासमोर. त्यानं सलाम समजून हात हलवला, वाचलो.
विचार बदलला. बिअरला हरकत नाही. पण दोन थेंबांनी काय होणार? बिघाड मोठा आहे. मोठ्या दोन बाटल्या आणल्या. उद्या बाईंच्या डोळ्यांत पाणी येणार.

१ ऑगस्ट, शुक्रवार
आलं. धुरानं.
गल्लीत सगळ्यांच्या गाड्यांना रंगीत कागद, फुलं. शेगडीवर धूप. बाई चाकांशी वाकून पुटपुटत होत्या. मी आतून फ्यूजबॉक्स उघडला आणि मनापासून, हात न आखडता, एक बाटली रिकामी केली. फेस आला. आणि रेडिओ सुरू झाला. मी म्हटलं, बघा.
मग हॉर्न. ब्रेक नाही, काही नाही, सलग. कुत्री सुरू झाली. पूजा सांगणाऱ्या बाबांचं तोंड हलत होतं, ऐकू काही येत नव्हतं. मग डॅशबोर्डमधून धूर. रोमुलोनं बॅटरीची वायर ओढली तेव्हा कुठे शांतता.
बाई म्हणाल्या, चाकांवर, पोरा. चाकांवर शिंपडतात. आत ओत म्हणून कोणी सांगितलं?
म्हटलं, दुखणं पोटात असताना औषध पायाला कशाला?
बाईंनी हात पुढे केला. मी दुसरी बाटली दिली. त्यांना किल्ली हवी होती.

५ ऑगस्ट
रोमुलोनं कॅमेरा काढला, सगळं वाळवलं. हॉर्न आता दाबल्यावरच वाजतो. सोय गेली.
आईला फोन केला. म्हटलं, ट्रान्सपोर्ट सोडलं, हॉटेल लाईनमध्ये आलोय. बाईंच्या टपरीवर आपी विकतात, जांभळ्या मक्याचं गरम पेय. मी ग्लास धुतो. पाणी बर्फाचं. तात्पुरतं आहे.

८ ऑगस्ट
टपरीवरची साखर कमी होते, म्हणून बाई तोच कॅमेरा इथे लावणार आहेत. मला म्हणाल्या, खिळ्याला नुसता अडकवून ठेव. वायरीला हात लावू नकोस, उद्या रोमुलो येईल.
उद्यापर्यंत कशाला थांबायचं? बल्बची वायर समोरच होती.

संध्याकाळ
टपऱ्यांची अख्खी रांग अंधारात आहे. बाजाराचं वायरिंग फार जुनं. मी ग्लास धुतोय. बाई अंधारात मला शोधतायत. कॅमेरा चालू असता तर लगेच सापडलो असतो.