सोफ्याला वास लागतो

आपा,

तुझ्या धाकट्या लेकाचा सलाम. मी ठणठणीत आहे, पोटभर जेवतो. तुझे गुडघे कसे आहेत?

थोरला तुला म्हातारपणी बिश्केकला न्यायचं म्हणतो. त्याचं घर पाहून आलो. नवव्या मजल्यावरचं खुराडं, खिडकी उघडायचीही चोरी. वहिनी म्हणते, "आपांना सांगा, घोडीच्या दुधाचा बुधला तेवढा आणू नका, सोफ्याला वास लागतो." थू त्या सोफ्यावर.

आपल्यात आईबापाची चूल धाकट्यानं राखायची असते, आणि मी अजून जिवंत आहे. जिच्याशी लग्न करणार होतो त्या बेगाइमला विचारलं, येतेस का गावी? "शेण काढायला?" म्हणून हसली. हिच्यापायी मी कॉलेज सोडलं.

तू हलू नकोस. घोडीही विकू नकोस. शनिवारी येतोय, एकटाच.

तुझा तालाय