आमच्या गल्लीतली बेरोजगारी संपली

गुलाब, तुह्या जिभेले हाड नाही हे मले लहानपणापासून ठाऊक होतं, आता नागपूरले बी झालं. माह्या नातवाच्या लग्नासाठी विचारपूस कराले पोट्टीवाले तुह्या घरी आले, अन् "राजदीप सध्या रिकामा आहे" हे सांगाची तुले एवढी कायची घाई? चहा तरी होऊ द्याचा होता. रिकामा म्हणे! रिकामं पिंप असते, माणूस नाही.

असो. जय भीम. तुही शुगर कशी आहे? माह्या भावजयीचे, वंदनाचे गुडघे? माह्या डोळ्याले कमी दिसते, पण जे दिसाले नको ते बरोबर दिसते. फोन केला असता, पण आमच्या दोन खोल्या. एकीतलं बोलणं दुसरीत आपोआप जाते, अन् दुसरीत राजदीप असते. म्हून चौथीच्या अक्षरात लिहून राहिली.

त ऐक. राजदीप बेरोजगार नाही. मी नाही, सरकारी मोजणी म्हणते. मागं भूमिका नावाची पोट्टी हातात टॅबलेट घेऊन आली (गोळी नाही बापा, पाटीएवढा फोन). कोण काय काम करते, घरोघरी विचारत होती. मी म्हटलं, लिही बाई, नातू, आयटीआय फिटर, कुम्हारीतला त्याचा कारखाना बंद पडला तवापासून घरी. (याच्या आजोबाले इथल्या पोलादाच्या प्लांटात नुसते दंड पाहून घेतलं होतं, याची सर्टिफिकिटं कोणी पाहत नाही.) ते इकडच्या हिंदीत विचारते, "दादी, पिछले सात दिन में एक घंटा भी काम किया?" मी पडली खरं बोलणारी. म्हटलं, मी दवाखान्यात गेली तवा घंटाभर माह्या खिडकीतल्या दुकानावर बसला होता, एक बिस्किटपुडा विकला अन् एक सोताच खाल्ला. झालं! तिनं बोट दाबलं अन् राजदीप कामावर. मी म्हटलं, "अवं, घंटाभर डोळा लागला त रात्र झाली काय?" म्हणे, "क्या करें दादी, नियम है."

मंग गल्लीभर हेच. शैलाचा भूषण लग्नात खुर्च्या उचलाले गेला होता, कामावर. अन्नपूर्णाच्या गौरवनं मामाचं पार्सल सुपेल्यात पोचवलं, तोही कामावर. आमची प्रेरणा, राजदीपची बहीण, बीएस्सी झालेली, म्हणे मी त काहीच केलं नाही. नोकरी शोधता का? म्हणे, शोधणं सोडलं. मंग तेही बेरोजगार नाही. जो शोधत नाही तो त्यात धरतच नाही म्हणते! चार वाजेस्तोवर आमच्या गल्लीतली बेरोजगारी संपली. पोट्टे होते तसेच नालीच्या पुलियावर बसून होते, पण कामावर. शेवटी मी भूमिकाले विचारलं, तुही तरी नोकरी पक्की का? म्हणे, तीन महिन्यांचा ठेका. मंग तिले चहा देल्ला.

तवा पोट्टीवाल्याईले सांगजो, पोट्टा कामावर आहे, खोटं वाटत असंन त मोजणी पाहा.

तुही बहीण,
शेवंता

ता.क. पोट्टीवाल्याईले काही सांगू नको. पोट्टी शहाणी असंन त नाहीच म्हणन.

ता.क. दुसरा. शोधणं राजदीपनं बी सोडलं. दाढी करत नाही, भिंतीकडे तोंड करून पडते, काही म्हणा त "हो" म्हणते. सिंधुताईचा पोट्टा असाच हो-हो म्हणे, अन् एका सकाळी रेल्वे लायनीकडे गेला. तो आता कोणत्याच मोजणीत नाही. अन् त्या दिवशी मी दवाखान्यात गेलीच नव्हती. याले दुकानावर बसवून समोर शैलाच्या ओट्यावर बसली होती, खिडकीत याचं डोकं दिसते का पाहत.

ता.क. तिसरा. तुही आटाचक्की बिघडली नसंन त बिघडव, अन् फिटर पाहिजे म्हून याले बोलावून घे. पोटभर जेवाले घाल, कामात चुका काढ, अन् एक दुरुस्त झालं की दुसरं मोडून ठेव. पण तू फोन करू नको, तुह्या आवाजात कीव येते अन् ते त्याले लगेच समजते. या पत्राचा जवाब वंदनानं द्याचा, मले नाही, राजदीपच्या फोनवर, अन् खेकसून.