काळ्या पेनाचा कल

प्रिय मास्तरीणबाई,

तुझा काळा पेन सुकायला लागला, म्हणून लिहायला बसलो. रोज एक ओळ तरी लिहावी, नाहीतर निबेत शाई जमते, असं तूच म्हणायचीस. पण मी रोज काय लिहू? सातवीत शाळा सुटलेला माणूस मी. फुलांच्या टोपलीवर नाव टाकायचं आणि कुठे सांगतील तिथे सही करायची, एवढंच माझं लिहिणं. रेखा फोनवर म्हणाली, "बाबा, आईले पत्र लिहा. नाहीतरी दिवसभर मनातल्या मनात तिच्याशीच बोलून राहिले न तुमी."

पोरगी तुझ्यासारखीच बोलते.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. तिची भीती वाटते, पण सांगतो.

तू गेल्यावर तुझ्या टेबलाला मी कोणाला हात लावू दिला नाही. टीपकागद, काचेचं पेपरवेट, टाचण्यांची डबी, पेनांचा लाकडी डबा, सगळं जागच्या जागी. मी नुसती धूळ पुसायचो. एक दिवस काळ्या पेनाचं टोपण काढलं तर निब ठणठणीत कोरडी. आता काय करावं? फूल कोमेजलं की मी काय करतो? दांडी पाण्यात ठेवतो. तेच केलं. ग्लासभर पाण्यात पेन उभा केला, निब खाली, आणि ग्लास खिडकीत उन्हाला ठेवला. रोज सकाळी पाणी बदललं. निळं निळं पाणी निघायचं, तर मला वाटायचं, धरला यानं जीव.

मग रेखा अकोल्याहून आली. ग्लास पाहून दारातच थांबली. "बाबा, हे काय लावलं तुमी? पेन होय का गुलाबाची दांडी?"

बाहेर काढला तर जेवढा पाण्यात होता तेवढा पेन काळा राहिलाच नव्हता. ओल्या मातीसारखा तपकिरी झाला होता. हा कडक रबराचा जुना पेन आहे, त्याला असा पाण्यात आणि उन्हात ठेवत नाहीत, हे रेखानं तेव्हा सांगितलं. मी पुसला, खोबरेल तेल लावलं. डाग गेला नाही. तू असतीस तर एकच शब्द बोलली असतीस, "फुलवाले!" आणि मग दिवसभर अबोला.

तुला रविवार आठवतो का? तुझ्या शाळेला सुट्टी, आणि माझ्या फुलांना नाही. सकाळच्या गाडीनं अमरावतीला माल पाठवून मी ओट्यावर उरलेल्या फुलांचे हार ओवायचो, आणि तू शेजारी पेपर पसरून पेन धुवायचीस. एकेक उघडायचा, पाणी ओढायचं, सोडायचं, फडक्यावर मांडायचे. घरात गव्हाचं पोतं निवडायचं पडलेलं. मी चिडायचो. "सगळ्या शाया निळ्याच तं हायेत. इतक्या दौती काहाले पाह्यजेत?"

तू मान वर न करता म्हणायचीस, "तुमाले झेंडूतले रंग अलग अलग दिसतात न? तसे मले शाईतले दिसतात. हे पाहा, हा वांग्याच्या फुलाचा."

मी पाहायचो. मला निळाच दिसायचा. पण तुझ्या तोंडावर तेव्हा जो आनंद असायचा, तो मला दिसायचा. तसं मी कधी बोललो नाही. का बोललो नसेन?

आता माझीही एक तक्रार ऐक. त्या डब्यातले बाकीचे पेन तू शाळेतल्या बायांना लिहून पाहायला द्यायचीस. हा काळा मात्र कोणालाच नाही. कोणी सहीसाठी मागितला की पिशवीतून साधा बॉलपेन काढून द्यायचीस. एकदा मीच हात पुढे केला तर म्हणालीस, "अवो, थांबा. तो नोका घेऊ. निब माह्या हाताची झाली, दुसऱ्यानं लिवलं तं बिघडते." मला राग आला होता. नवऱ्याचा हात तो दुसरा हात कसा झाला?

तुला शेवटची आंघोळ घालताना आत कोणीतरी म्हणालं, "बोटाची शाई निंगत नाही." मी बाहेरून म्हटलं, "राहू द्या."

तर त्या खेपेला रेखानं पेन साफ करून, वांग्याच्या फुलाची शाई भरून माझ्यापुढे धरला, तेव्हा मी हात मागे घेतला. तिला सांगितलं, तुझी आई कोणाला लिहू देत नव्हती. ती म्हणाली, "मंग सुकू द्या, नाहीतं पुन्हा पाण्यात ठेवा." आणि जाताना बजावून गेली, "पुढच्या बारीनं आली अन् पेन सुकलेला दिसला, तं मी अकोल्याले नेतो अन् काचेच्या कपाटात ठेवतो. मंग कोणीच नाही बिघडवणार."

आता तूच सांग, मी काय करायचं होतं? नाही लिहिलं तर सुकेल, आणि पोरगी घेऊन जाईल. लिहिलं तर तुझ्या हाताची निब माझ्या हाताची होईल. इतकी वर्षं लिहून तू तिला जे वळण लावलंस, ते मी खुरपं धरणारा माणूस ओरखडून टाकेन. जेवण गोड लागेना. रेखाचा फोन आला की आधी वाटायचं, ती येते म्हणते की काय.

शेवटी बसलो. पेन सरळ धरला आणि दाबला, तर कागद फाटला. पुन्हा धरला, नुसती करकर. शाई उतरेना. मनगट भरून आलं, म्हणून हात आडवा टाकला, कोपर टेबलाबाहेर काढलं. पेन जरासा डावीकडे कलला आणि आपोआप चालायला लागला. आवाज नाही, काही नाही. पुन्हा सरळ केला की करकर. कलवला की चालतो.

मग ध्यानात आलं, तू अशीच बसायचीस. कोपर बाहेर काढून. मी म्हणायचो, अर्धं टेबल अडवते ही बाई.

म्हणजे मी उगाच भीत होतो. ही निब माझं ऐकतच नाही. ती तुझ्याच कलानं लिहिते, आणि लिहायचं असेल तर मलाच वळावं लागतं. या वयात आता मी वळतो आहे. दोन ओळी झाल्या की थकतो, पाणी पितो, पुन्हा कोपर बाहेर काढतो. हे पत्र तसंच चाललं आहे, कितीतरी बैठकांत. काल पहिल्या पानाचा फोटो शेजाऱ्यांकरवी रेखाला पाठवला. तिचा लगेच फोन. "अक्षर तुमचंच हाये बाबा, कोंबडीच्या पायाचं. पण कललं आईसारखं." कपाटाचं नाव तिनं काढलं नाही.

पेनाचा तपकिरी झालेला भाग नेमका बोटांखाली येतो. रोज तो दिसतो आणि रोज तुझी माफी मागतो. पण आता एक सांगतो, तो मी पाण्यात ठेवणार नाही. दाबणार नाही. कोणी सही मागितली तर बॉलपेन देईन. दौत तळाला आली की अकोल्याला जाईन, आणि रेखानं दुसरी कोणतीही निळी दाखवली तरी वांग्याच्या फुलाचीच आणीन. दोन्ही शेजारी ठेवल्या तर आता मला फरक कळतो.

उद्याची ओळ उद्या. आता टोपण लावतो.

तुझा,
ज्याच्या हाती तू पेन दिला नाहीस तो,
महादेव