शेरडं गाभडली त्या साली

प्रिय काकी,

परवा हातकणंगल्याजवळच्या एका वस्तीवर शेळ्या पाळणाऱ्या समीनाच्या तान्ह्या मुलीला मांडीवर घेतलं आणि तू आठवलीस. तू गेल्यापासून तुला सांगण्याजोगं काही माझ्या हाती नव्हतं. आता आहे.

त्या साली तुझी तीन शेरडं एका पंधरवड्यात गाभडली. मेलेली पिल्लं, त्यांच्या मागनं पडलेली वार, सगळं तू नुसत्या हातांनी उचलून पुरलंस. महिन्याभरानं तुझं पोटातलं गेलं. आणि लोक काय म्हणाले? हिचा पायगुणच वाईट, म्हणून शेरडंही गेली. बारशाला तुला बोलावणं बंद झालं. मी दहा वर्षांची होते. आईनं सांगितलं म्हणून तू दिलेला लाडू मी परत केला. त्याची लाज अजून जात नाही गं.

तू एकदाच बोललीस, तेही वैरण टाकता टाकता. "आदी शेरडं गाभडली, मागनं माजं गेलं. मग माज्यामुळं शेरडं कशी गेली?"

हे चारचौघांत का नाही विचारलंस? मला पोरीलाच का?

तो प्रश्न मला जनावरांच्या डॉक्टरकीपर्यंत घेऊन गेला. काकी, डोळ्यांना न दिसणारा एक परजीवी असतो. मांजराच्या विष्ठेतून तो वैरणीत, पाण्यात उतरतो; तिथून शेळीत जातो, माणसातही. गाभडलेल्या शेळीची वार नुसत्या हातांनी उचलली तर तिच्यातूनही लागू शकतो. त्याचे सगळे वाण सारखे नसतात. जनुकांत थोडा फरक, पण एक वाण अंगात मुकाट पडून राहतो आणि दुसरा फार जहाल निघतो. तुझ्या वेळी तोच होता का, हे आता कळायचं नाही. तेव्हा तपासलं होतं कुणी?

समीनाच्या चार शेळ्या गाभडल्या तेव्हा ती गरोदर होती. वाईट पायगुणाची म्हणून सासू तिला माहेरी धाडायला निघालेली. मी शेळ्यांची वार तपासायला पाठवली आणि समीनाला शहरात, राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. दोन्हीकडं तोच परजीवी निघाला. वारेतला वाण जहाल होता. समीनाची लागण मात्र ताजी होती, म्हणून औषध लगेच सुरू झालं.

सासूनं विचारलं, "म्हंजे सुनेमुळं न्हाय?"

"न्हाय. शेळ्यांनाबी आन् तिलाबी हितल्याच घाणीतनं आलं असंल."

दुसऱ्या दिवसापासून गोठ्यातलं काम सासूनं स्वतःकडं घेतलं, हातमोजे घालून.

बाळाचे डोळे, डोकं, सगळं तपासून झालंय. छान आहे. काही वर्षं डोळे दाखवत राहायचे, एवढंच.

आता जिथं शेळ्या गाभडतील तिथं मी आधी घरातल्या बाईच्या तब्येतीची चौकशी करीन. कुणी तिच्याकडं बोट दाखवलं तर तुझी हकिकत सांगीन, तुझं नाव घेऊन, मोठ्यानं. सगळ्यात आधी माझ्या आईसमोर.

तुझी पुतणी,
मंगल